पोटावर पिशवी आहे, पण जगणं कसं चाललंय? ते मोजायची पद्धत

ऑपरेशन होऊन महिना-दीड महिन्याने पेशंट ओपीडीत आला की आपण स्टोमा, म्हणजे पोटावर काढलेलं आतड्याचं किंवा लघवीचं तोंड, बघतो, लाल आणि ओला आहे ना, आजूबाजूची कातडी सोलपटली नाही ना, पिशवीत काय आणि किती येतंय, आणि पाच मिनिटांत "सगळं छान आहे, पुढच्या महिन्यात या" म्हणून मोकळे होतो. स्टोमा छान असतो हे खरंय. पण तो माणूस घरी गेल्यावर कुठं झोपतो, कोणाबरोबर जेवतो, कामावर जातो का, लग्नकार्याला जातो का, रात्री किती वेळा दचकून उठून पिशवी चाचपतो, हे त्या पाच मिनिटांत कुठंच येत नाही. त्यासाठी वेगळं मोजावं लागतं, आणि ते मोजता येतं, त्याची नीट पद्धत आहे. मी सोलापुरात स्टोमाच्या पेशंटचंच काम बघते, वॉर्डातही आणि घरी जाऊनही, त्यामुळं इथल्या माणसांना कसं विचारायचं ते लिहितेय. थिसिस करणारे रेसिडेंट, सिस्टर लोक, घरात असा पेशंट असलेले कुणीही वाचा. आकडेमोड जमत नसेल तर तो भाग सोडा, बाकीचं तरी घ्या.

फॉर्म हातात घेण्याआधी

आधी एका कागदावर पेशंटची मूळ माहिती लिहून घ्या, नाहीतर नंतर आकडे एकमेकांशी जुळतच नाहीत. कोलोस्टॉमी (मोठ्या आतड्याचं तोंड) आहे का इलिओस्टॉमी (लहान आतड्याचं) का युरोस्टॉमी (लघवीचं), कायमची आहे का तात्पुरती, कशासाठी केली, ऑपरेशन ठरवून झालं का रात्री इमर्जन्सीत, आणि सध्या केमो चालू आहे का. हे का, तर इलिओस्टॉमीत पातळ येतं, दिवसभर येत राहतं आणि त्यातल्या पाचक रसानं कातडी जळते, तर मोठ्या आतड्याच्या शेवटाकडच्या कोलोस्टॉमीत बरंचसं घट्ट येतं, दिवसात एक-दोनदा आलं की झालं. दोघांचं जगणंच वेगळं आहे, त्यांची सरासरी काढून काय कळणार? तसंच इमर्जन्सीत ज्याचं ऑपरेशन झालं त्याला शुद्धीवर आल्यावर कळलेलं असतं की पोटावर पिशवी आहे, आणि ठरवून ज्याचं झालं त्याला निदान आधी समजावून सांगितलेलं असतं. तो धक्का कित्येक महिने उत्तरांत दिसतो.

अजून एक गोष्ट लिहा जी सहसा कुणी लिहीत नाही, ऑपरेशनच्या आधी पोटावर स्टोमाची जागा मार्क केली होती का. जागा मार्क करताना पेशंटला झोपवून, बसवून, उभं करून, वाकवून बघायचं असतं, घडीत किंवा बेल्टच्या रेषेत येऊ नये म्हणून. आपल्याकडं त्यात मांडी घालून जमिनीवर बसवून बघणं आणि परकराची नाडी किंवा धोतराची गाठ कुठं येते ते बघणं, एवढं वाढवाच. जागा चुकली की प्लेट, म्हणजे पिशवी कातडीला चिकटवायची चकती, नीट बसत नाही, लीक होतं, आणि मग पुढचे सगळे आकडे पडलेलेच येतात.

कुठला फॉर्म घ्यायचा

फॉर्म भरपूर आहेत, सगळे एकाच पेशंटला भरायला लावू नका, तो कंटाळून सगळीकडं एकच खूण करत सुटतो.

फक्त स्टोमासाठीच बनवलेला आणि छोटा म्हणजे स्टोमा-क्यूओएल (क्यूओएल म्हणजे जगण्याचा दर्जा), २००५ साली आलेला, कोलोस्टॉमी आणि इलिओस्टॉमीवाल्यांसाठी. २० प्रश्न आहेत, प्रत्येकाला चार पर्याय, नेहमी, कधीकधी, क्वचित, कधीच नाही. झोप, शरीरसंबंध, घरचे आणि जवळचे लोक, बाहेरचे लोक असे चार विषय त्यात येतात. पिशवी भरली की जीव घाबरा होतो का, वास येईल अशी भीती वाटते का, कपडे निवडताना अडचण होते का, रात्री दुसरीकडं मुक्काम करायला नको वाटतं का, असं सगळं. ओपीडीत किंवा घरी गेल्यावर पंधरा-वीस मिनिटांत होतो, म्हणून रोजच्या कामाला मला हाच बरा वाटतो.

जास्त खोलात जायचं असेल तर सिटी ऑफ होप या अमेरिकेतल्या कॅन्सर हॉस्पिटलचा स्टोमाचा फॉर्म आहे, त्यात मार्काचे ४३ प्रश्न असतात, ० ते १० वर, आणि शरीर, मन, समाज यांच्याबरोबर अध्यात्म हाही एक भाग आहे. हा भाग आपल्या जिल्ह्यात लई कामाचा. पंढरपूर इथं, अक्कलकोट इथं, सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा दर जानेवारीत, आणि "आता मी सोवळ्यात कसा बसू", "नमाजाला उभं राहिल्यावर पिशवीत आलं तर" हे प्रश्न पेशंटला कातडीच्या जखमेपेक्षा जास्त टोचतात. काहीजण देवघरात जायचंच बंद करतात आणि कुणाला सांगतही नाहीत.

कॅन्सरचा पेशंट असेल, आणि बार्शीच्या किंवा मुंबईच्या कॅन्सर हॉस्पिटलमध्ये फॉलोअप चालू असेल, तर ईओआरटीसी या युरोपातल्या कॅन्सर संशोधन संस्थेचा क्यूएलक्यू-सी३० हा फॉर्म घ्या, ३० प्रश्न, गेल्या आठवड्याबद्दलचे, मराठीत भाषांतर झालेला मिळतो. त्याला आतड्याच्या कॅन्सरसाठीची सीआर२९ ही पुरवणी जोडतात, तिच्यात पिशवीचे प्रश्न आहेत, गॅस सुटणं, गळती, कातडीची आग, लाज वाटणं, स्टोमाची काळजी घेताना अडचण येते का. अभ्यासासाठी फुकट आहे पण रीतसर नोंदणी करून परवानगी घ्यावी लागते, कुणाच्या तरी पेनड्राइव्हमधून उचलून वापरू नका. स्टोमा नसलेल्यांशी तुलना करायची असेल तर जागतिक आरोग्य संघटनेचा डब्ल्यूएचओक्यूओएल-ब्रेफ, २६ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांचे. त्यात परिसर म्हणून एक भाग असतो, पैसा, घर, प्रवास, दवाखाना जवळ आहे का, असं. स्टोमाबद्दल त्यात एक शब्द नाही, त्यामुळं एकटा तो वापरला तर पेशंटचं दुखणं जिथं आहे तिथं हातच जात नाही.

विचारायचं कसं

पेशंटला एकटं विचारा. बाकी सगळं विसरलात तरी हे विसरू नका.

आपल्याकडं पेशंट एकटा येत नाही, मुलगा असतो, सून असते, गावाकडचा एखादा पाहुणा असतो, आणि प्रश्न पेशंटला विचारला की उत्तर मुलगा देतो. पूर्व भागातली एक मावशी होती, बिड्या वळणारी, कायमची कोलोस्टॉमी. मुलगा शेजारी बसून प्रत्येक प्रश्नाला "काय त्रास नाही सिस्टर, सगळं घरात आहे, आम्ही सगळं करतो" असं म्हणत होता, आणि खरंच करत होता बिचारा, पिशव्या आणणं, बदलणं, सगळं. मावशी नुसती मान हलवत होती. त्याला मी एक्स-रेचा रिपोर्ट आणायला पाठवलं आणि तिला तेच प्रश्न पुन्हा विचारले. मग तिनं मांडी घालून दाखवलं, मांडीवर सूप घेऊन बसलं की सुपाची कड बरोबर पिशवीवर येते, प्लेट वरच्या बाजूनं उचलते, म्हणून तिनं बिड्या सोडल्या. बिड्या सोडल्या म्हणून आठवड्याचे हातातले पैसे गेले, आणि शेजारणींबरोबर दारात बसणंही गेलं. "कामावर परिणाम झाला का" या प्रश्नाला तिनं आधी नाही सांगितलं होतं, कारण बिड्या वळणं हे तिच्या लेखी काम नव्हतंच, घरात बसून करायची गोष्ट होती. तिला सूप मांडीऐवजी समोर पाटावर ठेवायला सुचवलं आणि पिशवी तिरपी लावायला शिकवलं. पण मुलगा तिथं असता तर हे कळलंच नसतं.

तर घरच्यांना प्रेमानं बाहेर पाठवा, औषध आणायला, केसपेपर काढायला, काहीही. घरच्यांचं मत हवंच असेल तर त्यांच्यासाठी वेगळा कागद ठेवा आणि वर "घरच्यांनी सांगितलेलं" असं लिहा, पेशंटच्या उत्तरात ते मिसळू नका.

वाचता येत असेल तर फॉर्म पेशंटच्याच हातात द्या, खुणा त्यालाच करू द्या, कारण तोंडानं सांगायला लाजणारी माणसं कागदावर खरी खूण करतात. वाचता येत नसेल तर तुम्ही वाचा, जसा लिहिलाय तसा वाचा, कळला नाही तर तोच पुन्हा सावकाश वाचा, आपल्या मनानं "म्हणजे तुम्हाला टेन्शन येतं का, नाही ना?" असं करू नका, त्या "नाही ना" मध्येच उत्तर देऊन टाकलेलं असतं. पर्यायांसाठी मी चार वाट्या ठेवते, रिकामी, थोडी भरलेली, अर्धी आणि काठोकाठ, म्हाताऱ्या माणसांना बोट ठेवायला सोपं जातं. पण एकदा वाट्या वापरल्या तर पुढच्या वेळी त्या पेशंटला वाट्याच वापरा, दर वेळी पद्धत बदलली तर फरक पेशंटचा का पद्धतीचा हे कळत नाही.

भाषेचं बघा. सोलापुरात घरात तेलुगू बोलणारे, कन्नड बोलणारे, दखनी बोलणारे किती आहेत ते तुम्हाला माहितीय, आणि बाजारात फाडफाड मराठी बोलणारा माणूससुद्धा मनातलं बोलायची वेळ आली की घरच्या भाषेत जातो. त्या भाषेची सिस्टर किंवा मावशी वॉर्डात असेलच, तिला आधी बसवून प्रश्न समजावा, तिनं जागच्या जागी मनानं भाषांतर करणं वेगळं आणि आधी तयार करून ठेवलेलं वाचणं वेगळं. थिसिस असेल तर एवढ्यावर भागत नाही, दोघांनी वेगवेगळं भाषांतर करायचं, ते जुळवायचं, तिसऱ्यानं उलट इंग्रजीत करायचं, मग थोड्या पेशंटवर वाचून बघायचं की त्यांना काय समजतंय, आणि अर्थातच एथिक्स कमिटी आणि लेखी संमती.

शरीरसंबंधाचा प्रश्न बहुतेक जण गाळतात, विशेषतः बाई पेशंट असेल आणि विचारणारा पुरुष असेल तेव्हा, किंवा पेशंट साठीच्या पुढचा असेल तेव्हा. गाळू नका. शेवटी ठेवा, दार लावून घ्या, "हा प्रश्न सगळ्यांना विचारतो, उत्तर द्यायचं नसेल तर नका देऊ" एवढं सांगा आणि साध्या आवाजात वाचा. गुदाशयाच्या ऑपरेशनमध्ये तिथल्या नसांना धक्का लागू शकतो, त्यानं पुरुषांना ताठरतेचा आणि बायकांना कोरडेपणाचा, दुखण्याचा त्रास होतो, तो शरीराचा प्रश्न आहे आणि त्यावर उपाय असतात. पण नवराबायको दोघं मनात धरून बसतात की पिशवीमुळं आता किळस येते म्हणून हा लांब झोपतो, ती लांब झोपते. एकदा विचारलं की बांध फुटल्यासारखं बोलतात काहीजण.

चांगला आकडा आला की थांबून बघा

आता जे मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते. चांगला स्कोअर दोन कारणांनी येतो. एक, माणूस खरंच सावरलाय. दोन, माणसानं आपलं जगणं इतकं आखडून घेतलंय की त्रास व्हायला जागाच उरली नाही. जो घराबाहेर पडतच नाही त्याला "लोकांत असताना वास येईल अशी भीती वाटते का" विचारलं तर तो कधीच नाही म्हणणार, खरंच म्हणणार. जो प्रवासाच्या आदल्या रात्रीपासून उपाशी राहतो त्याची पिशवी गाडीत भरतच नाही. आकडा छान येतो आणि वजन मात्र उतरत जातं.

म्हणून कुठलाही फॉर्म वापरा, त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला एक प्रश्न हातानं लिहा, "ऑपरेशनच्या आधी करत होता आणि आता बंद केलं असं काय काय आहे?" आणि मग गप्प बसा. पहिलं उत्तर "तसं काही नाही" असंच येतं. थोडं थांबलं की मग येतं, भजनाला जाणं, नातवाला मांडीवर घेणं, हुरड्याला शेतात जाणं, वारी. लिहून घ्या, त्याच्याच शब्दात. पुढच्या वेळी तीच यादी वाचून दाखवायची आणि विचारायचं यातलं काय परत सुरू झालं. ही यादी स्कोअरमध्ये मिळवायची नाही, फॉर्मचे मार्क फॉर्मच्या नियमानंच, यादी शेजारी ठेवायची. दोन्ही एका दिशेनं चाललेत का ते बघायचं. स्कोअर वर चाललाय आणि यादी तेवढीच लांब आहे, तर माणूस सावरला नाही, दबला आहे.

त्याच पाठीमागच्या पानावर आपल्याकडचे काही प्रश्नही मी टाकते, कारण हे फॉर्म बाहेरच्या देशात बनलेत आणि तिथं नळाला पाणी रोज येतं. आपल्याकडं शहरात पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं, तेव्हा पिशवी धुवायला, अंग पुसायला पाणी पुरतं का हे विचारा, आणि पाणी आलं त्या दिवशी घागरी कोण उचलतं हे पण विचारा. ऑपरेशननंतर सुरुवातीचे महिने जड उचललं तर स्टोमाच्या बाजूनं हर्निया व्हायची भीती असते, आणि आपल्या बायका पाण्याच्या दिवशी कुणाचं ऐकत नाहीत. संडास घरात आहे का सार्वजनिक, उकिडवं बसून पिशवी मोकळी करताना कपड्यावर सांडतं का, वापरलेली पिशवी टाकायची कुठं, घरात वेगळी खोली आहे का एकाच खोलीत सगळे झोपतात. पिशवी किती दिवस चालवता हा पण विचारा, कारण पैसे वाचवायला प्लेट लीक होईपर्यंत ओढत नेणारे खूप आहेत, आणि मग जळालेल्या कातडीला आपण ॲलर्जी समजून बसतो.

उन्हाळ्याचा वेगळा प्रश्न ठेवा. एप्रिल-मेमध्ये सोलापूर चाळिशीच्या वर असतं, घामानं प्लेटचा चिकटपणा सैल होतो, पत्र्याच्या घरात ठेवलेल्या पिशव्यांचा गमही खराब होतो, आणि इलिओस्टॉमीवाल्याच्या अंगातलं पाणी आणि मीठ दोन्ही भराभर जातं. जानेवारीत घेतलेला फॉर्म आणि मे महिन्यातला फॉर्म यात फरक आला तर तो पेशंट खचला म्हणूनच आला असं धरू नका, ऊन पण बघा.

आकडे कसे काढायचे

स्टोमा-क्यूओएलमध्ये नेहमीला १, कधीकधीला २, क्वचितला ३, कधीच नाहीला ४. वीस प्रश्नांची बेरीज २० ते ८० मध्ये येते, जास्त म्हणजे चांगलं. ती पुढं ० ते १०० वर नेतात, त्याची रीत फॉर्मबरोबरच घ्या, स्वतःच्या मनानं टक्केवारी काढू नका.

ईओआरटीसीचं थोडं वेगळं. १ म्हणजे अजिबात नाही, ४ म्हणजे खूप. मनाच्या भागात चार प्रश्न आहेत. समजा पेशंटनं २, ३, २, ३ असं सांगितलं. सरासरी २.५. त्यातून १ वजा केला, १.५. त्याला ३ नं भागलं, ०.५. कामकाजाच्या भागांत (मनाचा भागही त्यातच धरतात) हे १ मधून वजा करून १०० नं गुणतात, म्हणून ५० आले, आणि इथं जास्त म्हणजे चांगलं. त्रासाच्या भागांत, म्हणजे दुखणं, थकवा, झोप न येणं, वजा न करता सरळ १०० नं गुणतात, तिथं जास्त म्हणजे वाईट. ही उलटापालट लक्षात ठेवली नाही तर अख्खा तक्ता उलटा होतो. शेवटचे दोन प्रश्न एकूण तब्येत आणि एकूण जगणं कसं वाटतं याचे, १ ते ७ वर, तिथं ४ आणि ५ आले तर सरासरी ४.५, एक वजा करून ३.५, सहानं भागून शंभरानं गुणलं की ५८.३. एखाद्या भागातले निम्मे किंवा जास्त प्रश्न भरलेले असतील तर भरलेल्यांच्याच सरासरीवर काम चालतं, त्याहून कमी असतील तर तो भाग कोरा सोडायचा, शून्य टाकायचं नाही. ब्रेफमध्ये तिसरा, चौथा आणि सव्विसावा प्रश्न उलटे मोजायचे असतात, तेवढं बघा.

फरक किती आला म्हणजे मनावर घ्यायचा? सी३० साठी ढोबळ हिशोब असा वापरतात, ५ ते १० नं बदललं तर पेशंटला थोडासा फरक जाणवतो, १० ते २० मध्यम, २० च्या पुढं मोठा. दोन-तीन मार्क इकडचे तिकडं झाले म्हणून घरच्यांना आनंदाची किंवा काळजीची बातमी द्यायला जाऊ नका.

एकूण बेरजेवर तर कधीच थांबू नका. दोन पेशंटची बेरीज सारखी येते, एकाची झोप उडालेली असते आणि दुसरा माणसांत जायचं टाळत असतो, दोघांना लागणारी मदत पूर्ण वेगळी. बेरीज थिसिसला लागते, पेशंटला एकेक प्रश्न लागतो. सगळ्यात वाईट आलेले तीन प्रश्न गोल करायचे आणि त्यातला कुठला आधी सुटावा असं तुम्हाला वाटतं, हे पेशंटलाच विचारायचं.

कधी कधी मोजायचं

ठरवून ऑपरेशन असेल तर आधी एकदा घ्या, म्हणजे तुलनेला काहीतरी राहतं. मग घरी जाऊन दीड-दोन महिन्यांनी, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी, वर्षानं. डिस्चार्जच्या दिवशी घेऊन उपयोग नसतो, त्या दिवशी माणूस नुसता घरी जायच्या आनंदात असतो आणि पिशवी सिस्टरनं बदललेली असते. काही महिन्यांनी माणसं तसंच दुखणं असतानाही चांगलं मार्क द्यायला लागतात, कारण चांगलं कशाला म्हणायचं याचं त्यांचं मापच बदललेलं असतं. ते खोटं बोलत नाहीत, सवय झालेली असते. इथंही ती बंद केलेल्या गोष्टींची यादीच कामाला येते.

फॉर्मबरोबर कातडीचं माप पण घ्या, डीईटी म्हणून पद्धत आहे, रंग बदललाय का, सोलपटलंय का, मांस वाढलंय का, तीन गोष्टींना प्रत्येकी ५ पर्यंत, एकूण १५, शून्य म्हणजे निरोगी. कारण भीती, झोप, लोकांत न जाणं, यांच्या मुळाशी पुष्कळदा गळती असते, आणि गळतीच्या मुळाशी प्लेटचं चुकीच्या मापाचं भोक. ऑपरेशननंतर सहा-आठ आठवड्यांत सूज उतरून स्टोमा लहान होतो, आणि घरी मात्र डिस्चार्जच्या वेळी दिलेल्या मापानंच भोक कापणं चालू असतं. पुन्हा मोजा, स्टोमापेक्षा २-३ मिलिमीटर मोठं, बस. नुसतं एवढं दुरुस्त केल्यावर पुढच्या फॉर्ममध्ये झोप सुधारलेली मी पुन्हा पुन्हा बघितलीय. रात्री पिशवीची भीती असेल तर झोपायच्या आधी मोकळी करायची, एरवी पण तिसरा हिस्सा ते अर्धी भरली की करायची, गच्च भरू द्यायची नाही.

इलिओस्टॉमीत दिवसाला दीड लिटरच्या वर जात असेल, तोंड कोरडं, लघवी कमी, उभं राहिलं की चक्कर, तर फॉर्म बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडं पाठवा, वाटेत नुसतं पाणी नाही, ओआरएस द्या. स्टोमा काळा-निळा दिसला तर तासाचाही उशीर नको.

मनाचं उत्तर खूप पडलेलं आलं, सारखं रडू येतं, आपण घरच्यांवर ओझं झालोय असं पुन्हा पुन्हा म्हणतो, तर पीएचक्यू-९ हा नैराश्य मोजायचा नऊ प्रश्नांचा फॉर्म घ्या, २७ पैकी १० किंवा त्याहून जास्त आले तर मानसोपचार डॉक्टरांना दाखवायलाच हवं. त्यातला नववा प्रश्न जीव द्यायच्या विचाराबद्दलचा असतो. तिथं शून्य सोडून काहीही उत्तर आलं तर बेरीज करत बसू नका, त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलून द्या. टेली-मानसचा १४४१६ हा मनाच्या त्रासासाठीचा सरकारी नंबर चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीतही बोलतात, घरच्यांच्या फोनमध्ये सेव्ह करून द्या.

तात्पुरता स्टोमा बंद केल्यावर मोजणं थांबवतात सगळे, पिशवी गेली म्हणजे प्रश्न गेला असं धरून. गुदाशयाचं ऑपरेशन झालेल्यांना नंतर सारखं संडासला जावं लागणं, थोडं थोडं होणं, कळ आली की थांबताच न येणं, गॅस न रोखता येणं, असं होतं, त्याला लार्स म्हणतात आणि त्याचा पाच प्रश्नांचा स्कोअर आहे, ० ते ४२. वीसपर्यंत ठीक, २१ ते २९ थोडा त्रास, ३० पासून पुढं जास्त. पिशवी असताना हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला निवांत जाणारा माणूस पिशवी गेल्यावर एसटी स्टँडपर्यंतसुद्धा जायला घाबरतो असं होऊ शकतं, आणि तो कुणाला सांगत नाही, कारण सगळे म्हणत असतात की तुझं तर आता सगळं नॉर्मल झालं. म्हणून स्टोमा बंद झाल्यावरही निदान वर्षभर फॉर्म चालू ठेवा.

घरच्यांना हे सगळं जमणार नाही, जमायची गरजही नाही. कॅलेंडर घ्या, रोज रात्री पेशंटलाच विचारून त्या तारखेच्या चौकोनात ० ते १० मधला एक आकडा लिहा, आजचा दिवस कसा गेला म्हणून, शून्य म्हणजे अगदी वाईट. लीक झालं तर शेजारी ल, घराबाहेर पडला तर ब, सगळ्यांबरोबर बसून जेवला तर ज. महिन्याचं पान फाडून ओपीडीत आणा. त्यात ल जास्त दिसले तर प्लेटचं माप आधी बघू, आणि ब एकही नसेल तर आकडा नऊ असला तरी आपण बोलायला बसू.

भरलेला फॉर्म फाईलला लावायच्या आधी त्याचा फोटो पेशंटच्या फोनमध्ये काढून द्या, गोल केलेल्या तीन प्रश्नांसमोर कोण काय करणार आणि किती तारखेपर्यंत ते लिहून. पुढची ड्यूटी दुसऱ्या सिस्टरची असेल, पेशंट पुढच्या वेळी बार्शीला जाईल नाहीतर मुंबईला, तिथल्या माणसानं पहिल्यापासून विचारत बसण्यापेक्षा तो फोटो उघडावा आणि तिथून पुढं विचारावं.